स्पेनचा लाडका कवी जीव वाचवून फ्रान्सला पोहोचला, तेव्हा त्याच्याकडं बदलायला शर्टही नव्हता

फेब्रुवारी १९३९. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेजवळ कोलिऊर नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव. तिथल्या एका साध्या हॉटेलात चार स्पॅनिश माणसं येऊन राहिली होती. साठी ओलांडलेला एक आजारी माणूस, त्याची ऐंशीच्या पुढची आई, धाकटा भाऊ आणि भावाची बायको.

गावात आजही सांगतात, की हे दोघे भाऊ जेवायला एकत्र खाली यायचे नाहीत. एक जेवून वर गेला, की मग दुसरा यायचा. आधी कुणाला काही कळेना. नंतर उलगडा झाला. ही मंडळी अंगावरच्या कपड्यानिशी आली होती. शर्ट धुवायला टाकला, की दोघांत मिळून घालण्याजोगा एकच शर्ट उरायचा.

हॉटेलच्या नोंदवहीत त्या आजारी माणसानं आपला पेशा शिक्षक असा सांगितला होता. ते खोटं नव्हतं. आयुष्यभर त्यानं सरकारी शाळेत पोरांना फ्रेंच शिकवलं होतं. पण त्याची दुसरी ओळख त्यानं सांगितली नाही.

तो होता आंतोनियो माचादो. विसाव्या शतकातल्या स्पेनच्या सगळ्यात मोठ्या कवींमधला एक.

एवढा मोठा माणूस अशा अवस्थेत परक्या देशात कसा आला, हे समजून घ्यायचं तर त्याचं आयुष्य आणि स्पेनची यादवी, दोन्ही पाहावं लागतं.

आंतोनियोचा जन्म २६ जुलै १८७५ चा, सेव्हिल शहरातला. जन्म झाला तो एका सरदार घराण्याच्या वाड्यात. आता तुम्हाला वाटेल, पोरगं श्रीमंताघरचं असणार. तर तसं नव्हतं. त्या वाड्याचे काही भाग भाड्यानं दिले जायचे आणि माचादो कुटुंब तिथं भाडेकरू होतं. अंगणात कारंजं आणि लिंबाची झाडं होती. त्या अंगणाची आठवण पुढं जन्मभर त्याच्या कवितेत येत राहिली.

वडील लोकगीतं गोळा करायचे. गावोगावच्या गाणाऱ्यांकडून ऐकलेली गाणी ते लिहून ठेवायचे. आंतोनियोपेक्षा अकरा महिन्यांनी मोठा भाऊ होता, मानुएल. दोघं जुळ्यासारखेच वाढले. पुढं दोघंही कवी झाले, दोघांनी मिळून नाटकंही लिहिली. या मानुएलला लक्षात ठेवा, गोष्टीत तो परत येणार आहे.

आजोबांना माद्रिदच्या विद्यापीठात जागा मिळाली, म्हणून १८८३ मध्ये अख्खं कुटुंब राजधानीत आलं. तिथं या भावांना एका वेगळ्याच शाळेत घातलं. चर्चच्या पकडीबाहेरची, पाठांतरापेक्षा विचार करायला शिकवणारी ही शाळा होती. देश शिक्षणानं बदलतो, हे त्याच्या डोक्यात बसलं ते तिथंच.

पण आधी वडील गेले, मग आजोबा गेले आणि घरात पैशांची चणचण सुरू झाली. १८९९ मध्ये दोघं भाऊ पॅरिसला गेले आणि एका प्रकाशकाकडं भाषांतराचं काम करू लागले. १९०३ मध्ये आंतोनियोचं पहिलं पुस्तक आलं. नाव झालं, पण कवितेवर पोट भरत नाही, हे तिथंही तितकंच खरं होतं. मग त्यानं परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये सोरिया नावाच्या गावात फ्रेंचचा शिक्षक म्हणून नोकरी धरली.

सोरिया म्हणजे थंडीनं काकडणारा, खडकाळ जमिनीचा मुलूख. गरीब शेतकरी, ओसाड माळ आणि दुएरो नदी. या मुलखानं त्याची कविता बदलून टाकली. स्वतःच्या मनातून बाहेर येऊन तो आजूबाजूची माणसं आणि माती पाहायला लागला.

सोरियातच तो ज्या घरी भाड्यानं राहायचा, तिथल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तिचं नाव लेओनोर. १९०९ मध्ये लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि हा चौतीसचा. आज वाचताना हे खटकतं आणि त्या काळातही गावानं लग्नाच्या दिवशी टिंगल केली होती. पण संसार प्रेमाचा झाला.

तो टिकला मात्र तीनच वर्षं. आंतोनियोला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून १९११ मध्ये दोघं पॅरिसला गेले आणि तिथं लेओनोरला रक्ताची उलटी झाली. निदान झालं क्षयाचं. परतीच्या प्रवासालाही पैसे नव्हते, तेव्हा रुबेन दारिओ या कवीनं उसने दिले. १ ऑगस्ट १९१२ ला लेओनोर गेली. अठरा वर्षांची होती. त्याच्या काही आठवडे आधी आंतोनियोचं सगळ्यात गाजलेलं, कास्तिया प्रांताच्या मातीवरचं पुस्तक छापून आलं होतं.

बायको गेल्यावर त्याला सोरियात राहवेना. बदली मागून तो दक्षिणेत बाएसाला गेला. आई त्याच्याजवळ राहायला आली. बाएसात सात वर्षं, मग सेगोव्हियात तेरा वर्षं. तीच मास्तरकी, तोच चुरगळलेला कोट, त्यावर पडलेली सिगारेटची राख. सेगोव्हियात कामगारांसाठी फुकट वर्ग चालवणारं एक लोकविद्यापीठ होतं, त्यातही तो शिकवायचा. १९२७ मध्ये स्पेनच्या राजेशाही भाषा अकादमीनं त्याला सदस्य म्हणून निवडलं. त्या खुर्चीवर तो कधी जाऊन बसलाच नाही.

१४ एप्रिल १९३१ ला स्पेनमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. सेगोव्हियाच्या नगरपालिकेवर प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा चढवणाऱ्यांमध्ये माचादो होता. लाल, पिवळा आणि जांभळा. हाही झेंडा लक्षात ठेवा.

नव्या सरकारनं शाळा काढल्या, बायकांना मतदानाचा हक्क दिला, जमिनी वाटायचा प्रयत्न केला. जमीनदार, चर्च आणि लष्करातला मोठा गट यानं बिथरला. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी जिंकली आणि जुलैमध्ये लष्करातल्या काही जनरलांनी बंड केलं. त्यांचा म्होरक्या पुढं फ्रँको झाला. बंड दोन दिवसांत यशस्वी होईल असं त्यांना वाटलं होतं. ते फसलं, पण पुरतं मोडलंही नाही. देशाचे दोन तुकडे झाले आणि यादवी सुरू झाली. फ्रँकोच्या मदतीला हिटलर आणि मुसोलिनी धावले, सरकारच्या मदतीला सोव्हिएत रशिया. ब्रिटन आणि फ्रान्सनं हस्तक्षेप न करण्याचं धोरण घेतलं.

यादवीत रेषा कुठून जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. माचादोंच्या घरातूनही ती गेली.

झालं असं, की जुलै १९३६ मध्ये मानुएल आणि त्याची बायको बुर्गोस शहरात होते. बायकोची बहीण तिथल्या मठात जोगीण होती, तिला भेटायला गेले होते. बंड झालं आणि बुर्गोस फ्रँकोच्या ताब्यात गेलं, नंतर त्याची राजधानीच झालं. मानुएल तिथंच अडकला. मध्यंतरी त्याला काही दिवस तुरुंगातही टाकलं. सुटल्यावर तो फ्रँकोच्या बाजूनं लिहू लागला. भीतीनं की मनापासून, यावर आजही वाद होतात. इकडं माद्रिदमध्ये आंतोनियो सरकारच्या बाजूनं लिहीत होता. एका अंगणात वाढलेले दोन भाऊ आघाडीच्या दोन बाजूंना अडकले. एकमेकांविरुद्ध मात्र दोघांनीही कधी शब्द लिहिला नाही.

ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रानादाजवळ बंडखोरांनी कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला गोळ्या घातल्या. लोर्का विद्यार्थी असताना बाएसाला येऊन माचादोला भेटून गेला होता. या हत्येवर माचादोनं लिहिलेली कविता देशभर गेली. म्हणजे उद्या फ्रँको जिंकला तर माचादोचं काय होणार, हे उघड होतं.

आता त्याचं पळणं सुरू झालं. पण आपण निर्वासित होतोय, हे माणसाला एका दिवसात कळत नाही.

नोव्हेंबर १९३६ मध्ये फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर आलं, विमानं बॉम्ब टाकू लागली. सरकारनं लेखक, शास्त्रज्ञांना व्हॅलेन्सियाकडं हलवायचं ठरवलं. माचादो जायला तयार नव्हता. मित्रांनी फार गळ घातली, तेव्हा घरचे सोबत येणार असतील तरच जाईन, असं त्यानं सांगितलं. व्हॅलेन्सियाजवळच्या एका गावात संत्र्याच्या बागांमध्ये मुक्काम पडला. थोड्या दिवसांची गोष्ट आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं.

एप्रिल १९३८ मध्ये तिथूनही उठावं लागलं. फ्रँकोचं सैन्य समुद्रापर्यंत पोहोचून सरकारच्या मुलखाचे दोन तुकडे करत होतं. कुटुंब बार्सिलोनाला आलं. तिथं खायची मारामार, कोळसा नाही, तंबाखू नाही, वर रोज विमानांचे भोंगे. धाकटा भाऊ होसे आणि त्याची बायको मातेआ यांनी आपल्या तीन मुलींना आधीच सोव्हिएत रशियाला पाठवून दिलं होतं. युद्धातून वाचवण्यासाठी हजारो स्पॅनिश मुलांना असं परदेशी धाडलं जात होतं. आईबापांना वाटायचं, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे.

डिसेंबर १९३८ मध्ये फ्रँकोनं कातालोनियावर शेवटची चढाई केली. बार्सिलोना पडणार हे दिसू लागलं. २२ जानेवारी १९३९ च्या रात्री माचादो, त्याची आई आना, होसे आणि मातेआ एका गाडीतून उत्तरेकडं निघाले. सोबत काही प्राध्यापक, लेखक होते. चारच दिवसांनी, २६ जानेवारीला बार्सिलोना पडलं.

बार्सिलोनापासून फ्रान्सच्या सीमेपर्यंतचा रस्ता म्हणजे तेव्हा माणसांची नदी झाली होती. हातगाड्या, गाढवं, लष्कराचे ट्रक, पाठीवर गाद्या बांधलेल्या बायका, जखमी सैनिक, कडेवर पोरं. ऐन हिवाळा, पिरेनीज पर्वताचा पायथा. वरून इटलीची आणि जर्मनीची विमानं बॉम्ब टाकत होती. त्या तीन आठवड्यांत साडेचार ते पाच लाख लोक सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. स्पेनमध्ये या पळापळीला आजही एका शब्दात ओळखतात, 'रेतिरादा'. म्हणजे माघार.

आणि पुढं सीमा बंद होती.

फ्रान्सला हे लोक नको होते. सरकारनं नोव्हेंबर १९३८ मध्येच एक फर्मान काढून ठेवलं होतं, ज्यानुसार नकोशा परदेशी माणसांना गुन्हा नसतानाही डांबून ठेवता येत होतं. पण सीमेवर इतकी माणसं साठली, की २७ आणि २८ जानेवारीच्या मधल्या रात्री बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि सामान्य नागरिकांना आत सोडायचं ठरलं. सैनिकांसाठी सीमा उघडली ५ फेब्रुवारीला, तीही हत्यारं खाली ठेवण्याच्या अटीवर.

माचादो कुटुंब सीमेशी पोहोचलं ते २७ तारखेला संध्याकाळी. रस्ता इतका तुंबला होता, की गाडी पुढं सरकेना. शेवटी सीमा अगदी जवळ आली असताना उतरून चालत निघावं लागलं. पाऊस पडत होता, थंडी होती, अंधार पडत चालला होता. सामान गाडीतच राहिलं. त्यात माचादोची बॅग होती, कागदपत्रं होती. ती बॅग पुन्हा कधीच सापडली नाही.

चौकीवर माचादो हजारोंमधला एक होता. दमेकरी, हृदयाचा आजारी, काठीवर रेललेला भिजका म्हातारा. सोबत आई, पावसानं केस कपाळाला चिकटलेली. त्यांना वाचवलं ते एका योगायोगानं. गटातल्या कोर्पुस बार्गा या लेखकाकडं फ्रान्समध्ये राहण्याचे कागद होते आणि तो उत्तम फ्रेंच बोलायचा. त्यानं चौकीवरच्या अधिकाऱ्याला समजावलं, की तुमच्याकडं पॉल व्हॅलेरीचं जे स्थान आहे, तेच आमच्याकडं या माणसाचं आहे. अधिकाऱ्याला पटलं. त्यानं कुटुंबाला खाली सेर्बेरच्या रेल्वे स्टेशनपर्यंत जायला गाडी मिळवून दिली.

ती रात्र त्यांनी सेर्बेरच्या यार्डात उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका रिकाम्या डब्यात काढली. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं कोलिऊर. तिथं बार्गानं आईला अक्षरशः हातांवर उचलून घेतलं होतं. ती इतकी भ्रमात होती, की आपण सेव्हिलला पोहोचतोय असं तिला वाटत होतं. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेलं ते अंगण.

गावातल्या कापडाच्या दुकानात त्यांना बसायला जागा आणि गरम कॉफी मिळाली. हॉटेलच्या मालकीण पोलीन किंताना यांनी खोल्या दिल्या आणि पैशांची घाई केली नाही. त्याच हॉटेलात झाक बाय नावाचा रेल्वेचा एक तरुण कर्मचारी राहायचा आणि संध्याकाळी हॉटेलच्या वह्या लिहायचा. नोंदवहीत माचादो हे आडनाव पाहून तो थबकला. रात्रशाळेत स्पॅनिश शिकताना त्यानं या नावाच्या कवीच्या कविता पाठ केल्या होत्या. त्यानं जाऊन विचारलं, तो कवी तुम्हीच का? मास्तरांनी हो म्हणून सांगितलं.

आता याच वेळी तिथून काही किलोमीटरवर काय चाललं होतं ते पाहा.

आर्जेलेस गावाचा समुद्रकिनारा. सीमा ओलांडून आलेल्या हजारो माणसांना तिथं नेऊन सोडलं होतं. सुरुवातीला तिथं छप्पर नावाची गोष्टच नव्हती. वाळू, वारा आणि भोवती काटेरी तार. लोकांनी वाळूत खड्डे खणले आणि त्यात झोपले. पाणी खारट, संडास म्हणजे समुद्र. जुलाब पसरले, माणसं मेली. बायका-मुलांना पुरुषांपासून तोडून रेल्वेनं फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. कोण कुठं आहे, हे शोधायला लोकांना वर्षं लागली. काहींना कधीच लागला नाही पत्ता.

माचादोचं नशीब आणि त्या वाळूतल्या माणसाचं नशीब यात फरक होता तो एवढाच. एका मित्राकडं कागद होते, एक अधिकारी ऐकून घेणारा निघाला आणि एका कारकुनाला त्याच्या कविता पाठ होत्या. वाळूत झोपलेल्यांमध्येही शिक्षक होते, सुतार होते, डॉक्टर होते, शेतकरी होते. त्यांना ओळखणारं तिथं कुणी नव्हतं.

माचादोला खोली मिळाली, पण प्रवासानं तो आतून संपला होता. एक दिवस त्यानं होसेला सोबत घेतलं आणि समुद्र पाहायला गेला. किनाऱ्यावर बराच वेळ नुसता बसून राहिला. त्यानंतर तो फारसा बाहेर पडला नाही.

२२ फेब्रुवारी १९३९ ला दुपारी आंतोनियो माचादो गेला. वय ६३. सीमा ओलांडून चार आठवडेही झाले नव्हते. त्याच खोलीत, शेजारच्या खाटेवर आई बेशुद्धीत पडून होती. तीन दिवसांनी, २५ तारखेला तीही गेली.

अंत्ययात्रेसाठी गावातल्या बाईनं रात्रीत तिरंगी झेंडा शिवला. लाल, पिवळा, जांभळा. गावच्या किल्ल्यात कोंडून ठेवलेल्या स्पॅनिश सैनिकांपैकी सहा जणांना खांदा द्यायला सोडलं. पुरायला जागा नव्हती, तर किंतानाबाईंच्या एका मैत्रिणीनं आपल्या घराण्याची कबर उसनी दिली. आईला मात्र गरिबांच्या भागात पुरावं लागलं. नंतर होसेला भावाच्या कोटाच्या खिशात एक चुरगळलेला कागद सापडला. त्यावर बालपणाबद्दलची कवितेची एक ओळ होती. ती त्याची शेवटची.

तिकडं बुर्गोसमध्ये मानुएलला भाऊ गेल्याची खबर लागली, ती परदेशी वर्तमानपत्रांमधून. तो कशीबशी परवानगी मिळवून कोलिऊरला आला. आल्यावर त्याला कळलं, की आईही गेली. दोन दिवस तो दोघांच्या कबरींपाशी जाऊन बसला आणि परत बुर्गोसला गेला. होसे आणि मातेआ पुढं चिलीला गेले. होसेनं स्पेन पुन्हा पाहिला नाही.

माचादो गेल्यावर पाचच दिवसांनी ब्रिटन आणि फ्रान्सनं फ्रँकोच्या सरकारला मान्यता दिली. १ एप्रिलला युद्ध संपल्याचं जाहीर झालं. पण सीमेपलीकडं गेलेल्यांचं काही संपलं नाही. पुष्कळ जण नाइलाजानं परत गेले आणि त्यातले अनेक तुरुंगात पडले. मेक्सिकोनं सुमारे वीस हजार लोकांना घेतलं. कवी पाब्लो नेरुदानं 'विनिपेग' नावाच्या जहाजातून दोन हजारांवर लोकांना चिलीला नेलं. आर्जेलेसजवळच्याच एल्न गावात एलिझाबेथ आयडनबेन्झ या स्विस तरुणीनं छावण्यांमधल्या गरोदर बायकांसाठी प्रसूतिगृह काढलं, तिथं सुमारे सहाशे बाळं सुखरूप जन्मली. आणि जे फ्रान्समध्येच राहिले, त्यांच्या मागं वर्षभरात हिटलर तिथं येऊन पोहोचला. सात हजारांहून जास्त स्पॅनिश निर्वासितांना माउटहाउजेनच्या छळछावणीत नेलं. बहुतेक तिथंच मेले.

फ्रँकोच्या सरकारनं माचादोला मेल्यावरही सोडलं नाही. १९४१ मध्ये त्याला शिक्षकी सेवेतून रीतसर बडतर्फ केलं. तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. ही बडतर्फी रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं.

कोलिऊरच्या लोकांनी मात्र त्याला आपला मानलं. १९५८ मध्ये लोकवर्गणीतून गावातच त्याची स्वतःची कबर बांधली आणि आईलाही तिथंच आणून शेजारी ठेवलं. स्पेनला न्यावं का, यावर अधूनमधून चर्चा होते, पण तो आजही तिथंच आहे. २०१९ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ तिथं आले आणि डोकं टेकवून गेले. पदावर असलेल्या पंतप्रधानाला तिथं यायला ऐंशी वर्षं लागली.

कबरीशेजारी एक टपालपेटी आहे. जगभरातून लोक माचादोच्या नावानं पत्रं लिहितात आणि ती खरोखर तिथं पोहोचतात. शाळेतली पोरं लिहितात, कवी लिहितात. त्या रस्त्यानं चालत गेलेल्या माणसांची नातवंडंही येतात आणि चिठ्ठी टाकून जातात. आपल्या आजोबांना नेमकं कुठं पुरलंय, हे त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक नाही. पत्ता असलेली ही एक कबर आहे, म्हणून ते इथं येतात.